अंजुमनचे रजिस्टर संगणकावर नेताना

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी चालविलेली लहान-मोठी सेवा मंडळे आहेत. कोणी त्यांना अंजुमन म्हणतो, कोणी जमात, तर कोणी वेल्फेअर सोसायटी. गरीब विद्यार्थ्यांची फी भरणे, जनाज्याचे सामान तयार ठेवणे, सामुदायिक विवाह लावणे, आजारी माणसाला नांदेडच्या दवाखान्यापर्यंत पोचविणे ही कामे ती करतात. या सर्व कामांचा आधार म्हणजे सभासदांची वर्गणी. परंतु सभासद किती व कोण, असे विचारले तर सदरसाहेब एक आकडा सांगतात, सेक्रेटरी दुसरा सांगतात आणि खजिनदारांच्या पावती पुस्तकातून तिसराच निघतो.

आता तरुण मंडळी म्हणत आहेत की, सभासदांचा कारभार संगणकावर न्यावा, त्यासाठी सॉफ्टवेअर घ्यावे. सूचना योग्य आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच की, सॉफ्टवेअर घेण्याआधी दोन प्रश्नांचा निकाल लावावा. सभासद कोणाला म्हणायचे? आणि रजिस्टर कोणाच्या मालकीचे? हे दोन प्रश्न तसेच ठेवून संगणक आणला तर वहीतला गोंधळ तेवढा संगणकात जाईल.

लिहून ठेवणे ही आपल्याकरिता नवी गोष्ट नाही. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, म्हणजे सूरह बकराची २८२ वी आयत, उधारीच्या व्यवहाराची लेखी नोंद करण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहावी आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असा तिचा आशय आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या खिलाफतीच्या काळात (इ.स. ६३४ ते ६४४) 'दिवान' सुरू केला. तो म्हणजे बैतुलमालमधून कोणाला किती द्यायचे याचे नावनिशीवार रजिस्टरच होते. तेव्हा नीट यादी ठेवणे ही परक्यांची पद्धत आहे, असे म्हणण्याला जागा नाही.

कायदा काय सांगतो तेही पाहू. आपली बहुतेक मंडळे १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्टखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असतात. १८६० च्या कायद्याचे कलम १५ प्रत्येक पदाधिकाऱ्याने वाचून घ्यावे. नियमाप्रमाणे दाखल करून घेतलेला, वर्गणी भरलेला अथवा सभासदांच्या यादीवर सही केलेला आणि राजीनामा न दिलेला, तो सभासद. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला मतदानाचा हक्क नाही व तो सभासदांत मोजलाही जात नाही. आता विचार करा. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कोणाची वर्गणी थकली आणि कोणाची नाही, हे एकाच माणसाच्या घरातील वहीवरून ठरत असेल तर भांडण होणार नाही तर काय? अशी भांडणे मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. वर्षानुवर्षे तारखा पडतात आणि तोपर्यंत विद्यार्थ्यांची फी भरण्याचे काम बंद राहते.

सरकारकडूनही आता नोंदी मागितल्या जातात. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०-जी सवलत असलेल्या संस्थांना देणगीदारांची यादी ओळख क्रमांकासह आयकर खात्याला देणे भाग पडले. वक्फच्या बाबतीत ६ जून २०२५ रोजी 'उम्मीद' पोर्टल सुरू झाले आणि मालमत्तांच्या नोंदी भरण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. एवढ्या थोड्या मुदतीत जुने कागद शोधून ते पोर्टलवर चढविणे किती कठीण, हे सर्वांनी पाहिले. ज्यांचे कागद आधीपासून जागेवर होते त्यांना त्रास कमी झाला. हा धडा सेवा मंडळांनीही घ्यावा.

इतर लोक हे काम कसे करतात? रोटरी क्लबची सुरुवात १९०५ मध्ये शिकागो शहरात झाली आणि लायन्स क्लबची १९१७ मध्ये. रोटरीत प्रत्येक क्लबने जागतिक संस्थेला द्यायची वर्गणी १ जानेवारी व १ जुलै या दोन तारखांना यादीत जेवढी नावे असतील त्यावर आकारली जाते. सोडून गेलेल्या माणसाचे नाव वेळेवर कमी केले नाही तर त्याचे पैसे क्लबच्या माथी बसतात. त्यामुळे यादी ताजी ठेवण्याची सवय आपोआप लागते. आपल्या जवळचे उदाहरण दाऊदी बोहरा समाजाचे आहे. तेथे प्रत्येकाला आठ अंकी क्रमांकाचे ओळखपत्र मिळते आणि देशोदेशीच्या सभासदांची नोंद एकाच यंत्रणेत राहते. त्यांच्याकडे एक केंद्रीय नेतृत्व आहे, आपली मंडळे सुटी सुटी आहेत. म्हणून त्यांची सगळी व्यवस्था आपल्याला लागू पडणार नाही, पण प्रत्येकाला कायमचा क्रमांक देण्याची रीत घेण्यासारखी आहे.

ही रीत आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे, कारण आपली नावे. मराठवाड्यात आपण 'शेख सलीम शेख रहीम' असे लिहितो. तयार सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. त्यात एका मुलाने 'शेख' हे नाव म्हणून भरले आणि दुसऱ्याने आडनाव म्हणून, तर एकच माणूस दोनदा नोंदला जातो. मोहल्ल्यात तीन शेख सलीम असतील तर एकाची वर्गणी दुसऱ्याच्या नावावर जमा होते. शिवाय जुने रजिस्टर उर्दूत, पावत्या मराठीत आणि आधार कार्डावरील इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. यावर उपाय सोपा आहे. पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवावा, वडिलांचे किंवा पतीचे नाव व मोहल्ला वेगळा लिहावा आणि ओळख नावावरून नव्हे तर सभासद क्रमांकावरून करावी. मयत सभासदाचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. टंकलेखन युनिकोडमध्येच करून घ्यावे, म्हणजे उर्दू व मराठी दोन्ही लिपी एकाच यादीत राहतील आणि उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी अक्षरे बिघडणार नाहीत.

कामाचा क्रम आम्ही असा सुचवितो. पहिली गोष्ट, सर्वसाधारण सभा घेऊन घटनेप्रमाणे सभासदांचे प्रकार, वर्गणीचा दर आणि वर्षाची शेवटची तारीख ठरवावी. सभासदत्व घराचे की व्यक्तीचे, हेही तेथेच स्पष्ट व्हावे. विधवा भगिनी स्वतः वर्गणी देत असेल तर तिचे नाव तिच्याच नावाने लागले पाहिजे. दुसरी गोष्ट, मागील तीन वर्षांच्या पावत्यांच्या स्थळप्रतींवरून यादी तयार करावी. स्मरणशक्तीवरून करू नये. तिसरी गोष्ट, केवळ नावांची यादी पंधरा दिवस फलकावर लावून हरकती घ्याव्यात. त्यानंतरच ती संगणकावर चढवावी.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? दोन-चारशे सभासद असतील तर साधा एक्सेलचा तक्ता अथवा फुकट मिळणारे लिब्रेऑफिस पुरेसे आहे. क्रमांक, नाव, मोहल्ला, मोबाईल, दाखल तारीख, वर्गणी कोठपर्यंत भरली आणि सध्याची स्थिती एवढे रकाने ठेवले तरी काम चालते. संस्था मोठी असेल तर सिव्हीसीआरएमसारखे सेवा संस्थांसाठीच केलेले सॉफ्टवेअर आहे. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत, मात्र ते बसविण्यास व सांभाळण्यास जाणकार माणूस आणि इंटरनेटवर भाड्याची जागा लागते. 'फुकट' या शब्दावर जाऊ नये, दरवर्षीचा खर्च आधी विचारून घ्यावा. आणि जो कोणी सॉफ्टवेअर देईल त्याला एकच प्रश्न जरूर विचारावा : आम्ही सोडून गेलो तर आमची संपूर्ण यादी आम्हाला परत कोणत्या स्वरूपात मिळेल? याचे स्पष्ट उत्तर नसेल तर सौदा करू नये.

आता मालकीचा प्रश्न. यादी ज्याच्या मोबाईलमध्ये, मंडळ त्याच्या मुठीत, अशी पाळी येऊ देऊ नये. ई-मेल व मोबाईल क्रमांक संस्थेच्या नावाने घ्यावा. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि तिसरी प्रत मोहरबंद पाकिटात. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलावा. वर्गणीचा क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचाच असावा, खजिनदाराच्या खासगी खात्याचा कदापि नको. दर महिन्याला यादीची प्रत पेनड्राइव्हवर काढावी आणि वर्षाअखेर छापील प्रत काढून त्यावर सदर, सेक्रेटरी व खजिनदार यांच्या सह्या घ्याव्यात. पहिले एक वर्ष जुनी वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत व दर तिमाहीला ताळा पाहावा.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. वर्गणी देणाऱ्यांची यादी आणि मदत घेणाऱ्यांची यादी एकत्र ठेवू नये. कोणत्या घरी जकातीचे पैसे गेले हे व्हॉट्सॲपवर फिरले तर त्या घराची अब्रू जाते आणि पुढच्या वेळी गरजवंत दाराशी येत नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही लोकांची माहिती बेजबाबदारपणे हाताळण्याविरुद्ध आहे. परंतु कायदा नसता तरी पडदापोशी हे आपले दीनी कर्तव्य आहेच. मदतीची नोंद दोन-तीन विश्वासू माणसांपुरतीच राहावी.

काही बुजुर्ग म्हणतील, 'आमचा एकमेकांवर भरवसा आहे, हिशेब कशाला?' भरवशाची माणसे आज आहेत, उद्या नसतील, आणि त्यांच्या वारसाकडे वहीही सापडणार नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा आपण दुकानाचा हिशेब संगणकावर नेला, कारण न नेल्यास दंड होता. अंजुमनच्या रजिस्टरसाठी दंड लावणारा अधिकारी रोज दारात येत नाही. पण ती वर्गणी हातगाडीवाल्याने, शिंप्याने, बागवानाने आपल्या रोजच्या कमाईतून काढून दिलेली अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब एक दिवस द्यावाच लागणार आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सभासद यादीचा विषय पहिला ठेवावा, अशी आमची सर्व मंडळांना विनंती आहे.