बारा मोठे की वीस?

परवा आमचा नातू शाळेतल्या भाषणासाठी स्वप्नील कुसळेबद्दलच्या जुन्या बातम्या काढून बसला होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. एका बातमीत त्याच्या हातात सुरुवातीला बंदूक होती, मध्ये पिस्तूल आणि शेवटी रायफल. नातवाने विचारले, "आजी, नक्की काय होतं गं त्याच्याकडे?" त्याचा बाबा आतून ओरडला, "काय फरक पडतो? गोळी सुटते ना!"

मंडळी, चौतीस वर्षे मी मराठी शिकवले. "काय फरक पडतो" हे वाक्य हजारदा ऐकले असेल, बहुतेक वेळा ऱ्हस्व-दीर्घावरून. तिथे मी हसून सोडून देते. पण बंदुकीच्या बाबतीत नाही सोडवत. का, ते सांगते.

आधी फरक. रायफलच्या नळीत आतून वळसेदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी स्थिर राहते. स्वप्नीलची रायफल अशी. तिची गोळी जेमतेम ५.६ मिलिमीटर जाडीची. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन पद्धतींनी नेम धरायचा. छऱ्यांच्या बंदुकीची नळी मात्र आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एक गोळी नाही, मूठभर छर्रे सुटतात आणि पसरत जातात. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी रौप्यपदक मिळवले ते अशा बंदुकीने, हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडून. आणि पिस्तूल हातातच धरायचे असते, खांद्याला लावायचे नसते. म्हणजे तिन्हींचे काम वेगळे, कसब वेगळे. उद्या कोणी बासरीवाल्याला सनईवाला म्हटले तर चालेल का?

पण मान-अपमान ही लहान गोष्ट झाली. खरी गोष्ट माझ्या आजोळची आहे.

मामाकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची दुनळी होती, बारा बोअरची. मी सातवीत होते. दिवाळीची सुट्टी, भात कापणीला आलेले आणि रात्री रानडुकरांचा उच्छाद. दुपारी मामाने बंदूक पुसायला काढली, बिजागरीवर उघडून चटईवर ठेवली आणि कोणी हाक मारली म्हणून बाहेर गेला. काडतुसांच्या डब्यात दोन काडतुसे जरा बारीक होती. कोणी पाहुणा विसरून गेला असावा. त्यांच्या पितळी बुडावर २० आकडा होता, बाकीच्यांवर १२. मी मनाशी हिशेब केला: वीस म्हणजे जास्त जोराचे. डुक्कर एका बारात पडेल, मामाला बरे होईल. उजव्या नळीत ते सरकवले तर सुळकन आत गेले आणि पुढे जाऊन अडकले. बोट पोचेना. मी घाबरले आणि कोणालाही काही न सांगता गोठ्यात जाऊन बसले.

रात्री मामा निघाला. त्याची एक सवय होती. बंदूक भरण्याआधी ती उघडून दोन्ही नळ्यांतून कंदिलाची ज्योत बघायची. त्या रात्री एका नळीतून ज्योत दिसली, दुसरीतून नाही.

त्याने ती नळी न बघता भरली असती तर? वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे जाऊन बसते आणि त्याच्या मागे बारा बोअरचे आरामात मावते. बाहेरून काही कळत नाही. चाप ओढला की समोर बूच बसलेले. मग नळी फुटते, आणि ती नेमकी जिथे डावा हात असतो तिथे. आता अनेक कारखाने वीस बोअरचे काडतूस मुद्दाम पिवळ्या रंगाचे करतात, ते याचसाठी.

मामाने पुढून गज घालून ते काडतूस बाहेर काढले. मी रडत रडत कबूल केले. त्याने हात उगारला नाही. म्हणाला, "बाय, सुताचा नंबर माहीत आहे ना? वीस नंबरचं जाड की साठ नंबरचं?" मी म्हटले, वीसचे जाड. "मग हेही तसंच."

मग त्याने सांगितले ते आजही पाठ आहे. एक पौंड शिसे घ्यायचे आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअर. वीस केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून नळी बारीक. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर बारा बोअर सुमारे १८.५ आणि वीस बोअर सुमारे १५.६. आकडा मोठा तितकी नळी लहान! यात चारशे दहा मात्र वेगळीच, कारण तो आकडा गोळ्यांचा नाही. नळीच इंचाच्या ४१० सहस्रांश रुंद, म्हणून ते नाव.

हा घोटाळा जुन्या ठासणीच्या बंदुकीत नव्हता. तिथे पुढून दारू ओतायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे. नळीत मावेल ते चाले. पेटवण्याची तऱ्हा बदलली तसे तिचे नावही बदलले. जळत्या वातीने पेटणारी ती तोड्याची बंदूक, गारगोटीच्या ठिणगीची ती चकमकीची. चकमकीच्या बंदुकीत कानाशी ठेवलेली चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, आधी भपकन पेटे आणि बार मागून निघे. तेवढ्यात पाखरे सावध होत. स्कॉटलंडमधले अलेक्झांडर फोर्साइथ हे पाद्री पाखरांचे शिकारी होते. या कटकटीवर त्यांनी ठोक्याने पेटणारे मिश्रण वापरले आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. आपली दिवाळीतली टिकली याच जातीची. त्यातून केपाची बंदूक आली. पुढे १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये लफोशे यांनी मागून भरायची बंदूक आणि तयार काडतूस चालवून दाखवले. भरणे सोपे झाले, पण त्या दिवसापासून काडतूस आणि नळी यांचे नाते आकड्यावर आले. तो आकडा वाचणाऱ्याला कळला पाहिजे.

माझा आग्रह शुद्ध मराठीचा नाही, हे इथेच सांगते. काडतूस पोर्तुगिजांकडून आले, बंदूक अरबीतून. बोअर आणि रायफल इंग्रजीतून आले तर येऊ देत. पण शब्द ज्याचा त्याला द्यावा. पंचनाम्यात "जिवंत काडतुसे" लिहितात ते मला फार आवडते. गोळी म्हणजे फक्त सुटणारा तुकडा. दारू, केप आणि गोळी मिळून काडतूस, आणि न उडालेले म्हणून जिवंत. इतके नेमके लिहिणाऱ्या भाषेत सरसकट "गोळ्या सापडल्या" कशाला?

आणि मला बंदुकीचे प्रेम आहे असे कोणी समजू नये. १९७२ च्या कायद्याने शिकारीचा शौक संपला, ते चांगलेच झाले. पण जी वस्तू जीव घेऊ शकते, तिच्याबद्दल बोलताना तरी ढिसाळपणा नको. औषधाची बाटली, विजेचा फ्यूज, गॅसची नळी, सगळीकडे हेच लागू आहे. मामाला ज्योत दिसली नाही म्हणून तो थांबला. "काय फरक पडतो" म्हणणारा माणूस नळीतून बघतच नाही.

हे सगळे मी मुलाला ऐकवले. तो म्हणाला, "आई, हे तू आधी कधी सांगितलं नाहीस." खरेच नव्हते सांगितले. साठ वर्षांनीही ते सांगताना हात गार पडतात.

नातवाने भाषणात "रायफल" म्हटले, सगळीकडे. वर्गात कोणाच्या लक्षात आले नाही म्हणे. असो.