कोकण रेल्वेत, जरा थाटात

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम हळू धावतात. त्यांचं वेळापत्रकच वेगळं असतं. तेव्हा पोचायची घाई घरी ठेवावी, कपडे मात्र नीट निवडावेत. सगळ्यात जुना, विटका टी-शर्ट प्रवासासाठी राखून ठेवायची आपली रीत मला कधीच पटली नाही. गडद रंगाचा सैलसर सुती कुर्ता घाला, चहा सांडला तरी अब्रू राहते. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. कोल्हापुरीही नकोत, चामड्याचं आणि पावसाचं जमत नाही. मोठी मऊ ओढणी किंवा स्टोल मात्र हवाच, पुरुषांनीसुद्धा (लाजू नये): एसी डब्यात त्याची शाल होते, दुपारी घडी करून उशी. 2017 पासून मडगावच्या जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा असतो. तिकीट महाग आहे, पण सरींसाठी एवढी चैन चालते. उक्षीचा धबधबा मागे पडला की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि काचेत फक्त आपलाच चेहरा दिसतो. केस विंचरायचे असतील तर तेव्हाच विंचरून घ्यावेत, रत्नागिरी स्टेशन फार लांब नसतं.