आगीआधी धूर मारतो



गेल्या महिन्यात जाऊबाईंच्या ऑपरेशनसाठी आमच्या शहरातल्या एका दवाखान्यात चार रात्री राहिले. इमारत नवी, चकाचक. पण दोन वॉर्डांमधले आगरोधक दार पाचर मारून कायमचे उघडे ठेवलेले. विचारले, तर वॉर्डबॉय म्हणाला, "मावशी, ट्रॉली न्यायला अडचण होते."

मी निवृत्त नर्स. त्या पाचरीने मला झोप लागू दिली नाही.

दवाखान्याच्या आगीत माणसे जळण्याआधी गुदमरतात. 9 डिसेंबर 2011 रोजी कोलकात्यात ढाकुरियाच्या रुग्णालयात आग लागली तळघरात, गेले ते वरच्या मजल्यांवरचे रुग्ण. नव्वदच्या आसपास माणसे. बंद काचांच्या इमारतीत धूर वर चढला आणि कोंडून राहिला. रुग्णांना बाहेर काढता काढता केरळच्या दोन तरुण नर्सही गेल्या. आपल्या भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला दहा बाळे गेली, त्यांतली कित्येक धुराने.

जुन्या मिशन दवाखान्यांत उंच छत, समोरासमोर खिडक्या, लांब व्हरांडा असे. धुराला वर चढायला आणि बाहेर पडायला जागा होती. आता एसीसाठी सगळे बंद. असू दे, पण मग ते काम यंत्रांनी केले पाहिजे. धूर कळताच एसीचा पंखा थांबावा, डक्टमधली झडप मिटावी, धूर ओढणारा पंखा सुरू व्हावा, जिन्यात बाहेरची हवा दाबाने भरावी, म्हणजे तिथे धूर शिरत नाही. लाईट गेली तरी हे पंखे जनरेटरवर चालले पाहिजेत.

आणि ते दार? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला चार मजले खाली पळवता येत नाही. त्याला आधी त्याच मजल्यावर, दारापलीकडच्या भागात नेतात. दारच उघडे, तर पलीकडेही धूरच.

आपल्या मंडळीतले कितीतरी जण रविवारी उपासनेनंतर रुग्णभेटीला जातात. आपल्या घराघरांतल्या मुली नर्स आहेत. प्रार्थना करावीच, पण निघताना तीन गोष्टी विचाराव्यात: हे दार आपोआप मिटते का? धुराचा पंखा शेवटचा कधी चालवून पाहिला? रात्रपाळीच्या सिस्टरला रुग्ण कुठे हलवायचे ते ठाऊक आहे का? भिंतीवरचे फायर एनओसी दाखवतील, तरी विचारावे.

निघायच्या दिवशी ती पाचर मी काढून मेट्रनच्या टेबलावर ठेवली. त्या रागावल्या नाहीत. "बघते," म्हणाल्या. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बघणार आहे.

— एक निवृत्त परिचारिका, बेळगाव