पोळ्यापर्यंत मुदत, नंतर ओटीपी बंद

पीकसल्ला, कर्ज, विमा किंवा कांद्याचा अंदाज सांगत नामपूर परिसरात एआय ॲप घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक कंपनीला, तिच्या एजंटाला आणि तिच्यासाठी कागदांचे फोटो काढणाऱ्या दुकानदाराला हा जाहीर इशारा आहे.

डाळिंबावरचा तेल्या ओळखायला आधार कार्ड लागत नाही. सातबारा, पासबुक आणि फोनमधले सगळे नंबर तर मुळीच लागत नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 6 मध्ये असेच उदाहरण आहे. डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि माणसाने हो म्हटले, तरी त्या यादीपुरती संमती धरली जात नाही. माणसाच्या आजाराला जो न्याय, तोच पिकाच्या रोगाला.

कांद्याचे दुखणे याहून मोठे. मोसम खोऱ्यातला शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरतो आणि भावाची वाट बघतो. कोणाच्या चाळीत किती माल उरलाय, कोणाचा हप्ता थकलाय, कोणाच्या घरी लग्न निघालंय, हे सगळे यंत्राने जुळवून खरेदीदाराच्या हाती दिले, तर ट्रॅक्टर बाजार समितीत पोहोचण्याआधीच शेतकऱ्याचा सौदा बुडालेला असेल.

मागाहून माहिती पुसून टाकू, ही थाप आम्हाला नको. मॉडेल एकदा शिकले की त्यातून एका शेतकऱ्याचा गट नंबर वेगळा काढणे म्हणजे कालवणातले मीठ काढणे. नाव, चेहरा, गट नंबर शिकवण्याआधीच वगळा. यंत्र बांधतानाच ही सोय करा.

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, मे 2027 मध्ये लागू होतील. ही सवड यंत्रणा सुधारायला आहे, तोवर मिळेल ते गोळा करायला नाही. सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे जुने कलम 43-अ सुद्धा हाच कायदा रद्द करणार आहे. तेव्हा आधीच अडवणे भाग आहे.

अनुदानासाठी सरकार संमतीशिवायही माहिती वापरू शकते. राज्याने कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा केला, जून 2025 मध्ये कृषी एआय धोरणही मंजूर केले. आमची माहिती कोणत्या खासगी कंपनीला, कोणत्या अटींवर मिळते, हे कृषी विभागाने ग्रामसभेत सांगावे.

कंपन्यांना मुदत येत्या पोळ्यापर्यंत. काय घेता, कशासाठी घेता, मॉडेल शिकवायला वापरता का, संमती मागे कशी घ्यायची, हे मराठीत छापून द्या. नाही दिले, तर गावोगावी तुमच्यावर बहिष्कार घालू आणि बंधने लागू होताच संमती मागे घेऊन डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रारी करू.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ओटीपी सांगण्याआधी मराठीतला कागद मागा. कागद नसेल, तर ओटीपी देऊ नका.