दुसऱ्या गर्भपातानंतरची तपासणी तुयेत हवी

१. दोनदा दिवस जाऊन गर्भ टिकला नाही, तरी पेडणे तालुक्यातल्या केरीतल्या सुनेला ‘तिसऱ्या खेपेला बघू’ हेच ऐकावे लागते. युरोपातल्या प्रजनन तज्ज्ञांची संस्था दुसऱ्या गर्भपातानंतरच तपासणी करा म्हणते. मग आपण तिसऱ्याची वाट का पाहावी?

२. गर्भ अर्धा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. तरी तो टिकतो, कारण प्रतिकारशक्तीच्या नियामक टी पेशी बाकीच्या लढाऊ पेशींना आवरून धरतात. शिमोन साकागुची यांनी त्या 1995 मध्ये ओळखल्या. 2025 च्या नोबेलचे ते एक मानकरी. उंदरांत या पेशी काढून टाकल्या तेव्हा परक्या वाणाच्या नराचे गर्भ गळाले, हे 2004 मध्ये दिसले. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांत त्या कमी असल्याचे बऱ्याच अभ्यासांत आढळले. मात्र ते कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही.

३. पण बाजार निकालाची वाट पाहत नाही. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपाय 1999 च्या मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरला. अमेरिकेने 2002 मध्ये तो संशोधनापुरताच ठेवला. ‘इम्युनिटी’च्या नावाने असे काही देणाऱ्या दवाखान्याने ‘हे सिद्ध झालेले नाही’ असे मराठी-कोंकणीत लिहून द्यावे, असा आदेश आरोग्य खात्याने काढावा. दागिने गहाण पडल्यावर नको, आधी.

४. इलाज आहे तो रक्ताच्या गाठी करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड विकारावर: अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन, दोन्ही जुनी औषधे. निदानासाठी रक्ताच्या तीन चाचण्या किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. म्हणजे केरीहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून बांबोळी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच. तीनपैकी दोन चाचण्यांचे रक्त पेडण्यातल्याच तुयेच्या इस्पितळात काढून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला (गोमेकॉला) पाठवता येते. तिसरीचे चार तासांत यंत्रावर फिरवून वेगळे करावे लागते. त्यासाठी तुयेत यंत्र आणि शिकलेला तंत्रज्ञ हवा. तुयेचे इस्पितळ गोमेकॉशी जोडा म्हणणाऱ्या पेडणेकरांनी ही मागणीही यादीत घालावी.

५. सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गुणसूत्रांच्या दोषाने होतात. बाईने घागर उचलली म्हणून नव्हे. दोष कधी बापाकडूनही येतो. तेव्हा केसपेपर दोघांचाही काढा.

६. गोमेकॉत 2023 पासून आयव्हीएफ मोफत मिळते, हे चांगलेच. त्या मानाने ही तपासणी स्वस्त. तुयेत आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी ठेवा, आणि ती गरोदर बायकांच्या रांगेत नको.