यादी लागेपर्यंत लेकराला एकटं सोडू नका
आसेगावकरांना कळकळीचं आवाहन



दहावी-बारावीचे निकाल लागले, पेढे वाटून झाले, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे फोटो फिरून गेले. तुमचं-आमचं सगळं लक्ष आता आभाळाकडे आणि पेरणीकडे आहे. पण आपल्या आसेगावातल्या कितीतरी घरांत एक पोरगा किंवा पोरगी मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसलेली आहे. कुणी अकरावीच्या यादीची वाट पाहतंय, कुणी सीईटीच्या कॅप राउंडची, कुणी पॉलिटेक्निकची, कुणी नीटची. रात्री झोपताना साइट उघडायची, पहाटे उठल्याबरोबर पुन्हा उघडायची. बरेचदा हाती लागते ती पुढे गेलेली तारीख.

माझं मागणं एकच आहे. हे आठवडे त्या लेकराला एकट्याने काढायला लावू नका. जून-जुलैत आई-बाप दिवसभर वावरात असतात आणि ऑनलाइन प्रवेशाचं त्यांना फारसं कळत नाही, म्हणून ही जबाबदारी गावाने घ्यायची आहे.

पूर्वी आपल्याकडे अकरावीला मार्कशीट घेऊन कॉलेजात जायचं आणि हो किंवा नाही तिथेच कळायचं. केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरते होते. 2025 साली ते पहिल्यांदा सगळ्या राज्याला लागू झाले. दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला. 21 मे रोजी नोंदणी सुरू व्हायची, तर संकेतस्थळच कोलमडलं आणि सुरुवात 26 मेवर गेली. 26 जूनची पहिली यादीही पुढे ढकलली गेली आणि महिनाअखेरीस लागली. त्या यादीत 6 लाख 32 हजारांवर मुलांना जागा मिळाली आणि त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त जणांना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं. हे आकडे धीर देणारे आहेत, पण ते हाती येईपर्यंत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी दीड महिना अधांतरी काढला. बारावीवाल्यांचं तर विचारूच नका. 2024 ची नीट 5 मे रोजी झाली, निकाल 4 जूनला आला, मग देशभर गोंधळ, सर्वोच्च न्यायालयात सुनावण्या आणि 26 जुलैला सुधारित निकाल. वर्षभर अभ्यास करून ज्यांनी हे सगळं पाहिलं त्यांना ‘कशाला एवढं टेन्शन घेतो रे’ म्हणणं सोपं आहे. त्यांची भीती खोटी नाही.

म्हणून पहिली विनंती. पारावर, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिथे भेटेल तिथे पोराला ‘नंबर लागला का?’ असं विचारू नका. तुम्ही मायेनेच विचारता, मला माहीत आहे. पण दिवसातून दहा वेळा ‘नाही अजून’ म्हणावं लागलं की मूल घराबाहेर पडायचं बंद होतं. त्यापेक्षा ‘एखादा कागद राहिलाय का, तहसीलला जायचं आहे का, माझी गाडी आहे’ असं म्हणा. घरच्यांनाही सांगणं आहे. ‘तुझ्यासाठी वावर गहाण टाकलं’ हे वाक्य खरं असलं तरी या दिवसांत तोंडातून काढू नका.

पोरींबद्दल जरा वेगळं बोलायचं आहे. पोरगा एका यादीची वाट पाहतो. पोरगी दोन गोष्टींची वाट पाहते, एक यादीची आणि दुसरी घरच्यांच्या होकाराची. नंबर अकोल्याला लागला तर पाठवतील का, अमरावतीला लागला तर काय, पुण्याचं नाव काढलं तर काय, हे ती कुणाला विचारत नाही. यादी लागण्याआधी तिला बोलावून सांगा, ‘लागेल तिथे पाठवतो.’ फी हे कारण आता पूर्वीएवढं उरलेलं नाही. राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल-मेसचा खर्च राहतो, तो कसा जमवायचा ते यादीनंतर बसून ठरवू. पण होकार आजच द्या.

आता कागदपत्रांचं. वाट पाहण्यातली निम्मी धास्ती कागदांची असते आणि ती आपण कमी करू शकतो. नॉन क्रिमिलेअर चालू वर्षाचं आहे का? उत्पन्नाचा दाखला काढला का? जात वैधतेचा अर्ज वाशिमच्या पडताळणी समितीकडे गेला असेल तर त्याची पावती जपून ठेवली का? टीसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्म कुणाच्या मोबाईल नंबरवर भरलाय? पुष्कळदा फॉर्म भरून देणाऱ्याचाच नंबर टाकलेला असतो, किंवा पुण्याला कामाला असलेल्या काकाचा. ओटीपी तिकडे जातो, पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि यादी लागलेली घरात तिसऱ्या दिवशी कळते. आजच पाहून घ्या आणि लॉगिन-पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. सेवा केंद्र चालवणाऱ्या भावांनाही हात जोडून सांगतो की नंबर मुलाचा किंवा त्याच्या घरातलाच टाका.

पसंतीक्रमही समजून घ्या. अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. अभियांत्रिकीला 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला की जागा आपोआप पक्की होत होती. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत वाचा. मित्राने टाकलं म्हणून वरच्या ओळीत कुठलंही कॉलेज टाकू नका.

पैशाचंही बघा. पेरणीच्या दिवसांत घरातली रोकड बियाणं-खतात गेलेली असते आणि जागा पक्की करायला मुदत मिळते दोन-चार दिवसांची. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला 2024 मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. 24 जूनला संध्याकाळी पाचपर्यंत 17,500 रुपये भरायचे होते. गावातल्या लोकांकडून गोळा होईपर्यंत वेळ निघून गेली आणि जागा गेली. पुढे तीन महिने दारोदार फिरल्यावर 30 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला लावला. प्रत्येक मुलाला दिल्लीपर्यंत जाता येणार नाही. ज्यांच्या घरी नोकरी आहे, दुकान आहे, त्यांनी या महिनाभरासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी आणि ती उसनी मिळेल हे मुलांच्या कानावर घालावं.

एक गोष्ट स्पष्टच बोलतो, कारण गप्प राहण्याची ही वेळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली महाराष्ट्रात 1,764 विद्यार्थ्यांनी जीव दिला, देशात सगळ्यात जास्त. सगळ्यांचं कारण प्रवेश नव्हतं. पण मूल जेवत नसेल, झोपत नसेल, ‘मी ओझं झालोय’ असं बोलत असेल, तर जवळ बसून सरळ विचारा की मनात जीव देण्याचे विचार येतात का. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणालं तर त्याला क्षणभरही एकटं ठेवू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. 14416 हा टेली मानसचा फुकट नंबर आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. आणि फवारणीची औषधं, घरात मूल असो वा नसो, या हंगामात कुलुपात ठेवा. किल्ली मोठ्या माणसाकडेच राहू द्या.

ग्रामपंचायतीला आणि शाळेला विनंती आहे की प्रवेश संपेपर्यंत रोज संध्याकाळी एक खोली उघडी ठेवा. इन्व्हर्टर, इंटरनेट, एक प्रिंटर आणि फॉर्म समजणारा एक माणूस, एवढं पुरे. वादळात लाइन गेली की आपल्याकडे कधी येईल याचा नेम नसतो, आणि शेवटच्या तारखेला तेच नेमकं घडतं. गावातले जे जण शिकून पुणे, नागपूर, संभाजीनगरला आहेत, त्यांनी आपला नंबर शाळेत कळवावा. पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून घाबरलेल्या पोराला, ‘मलाही तिसऱ्या फेरीत लागला होता’ हे तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. आणि कुठेच लागला नाही, तर आयटीआय, पॉलिटेक्निक, बीएस्सी यातलं काय त्याला जमेल, हेही तुम्हीच नीट सांगू शकाल.

खोलीची किल्ली कुणाकडे राहील आणि कोणत्या दिवशी कोण बसेल, हे या आठवड्यातच ठरवूया. ज्याला एक संध्याकाळ देता येईल त्याने शाळेत जाऊन आपलं नाव लिहून यावं.