दोघांचा मेळ

कानोसा : दर आठवड्याचा स्तंभ

“बँड काढायचाय, पण माणसंच टिकत नाहीत,” हे वाक्य कोल्हापुरात गिटार हाती घेतलेल्या पोरांकडून मी वरचेवर ऐकतो. बास वाजवणारा नोकरीसाठी पुण्याला जातो, की-बोर्डवाला घरच्या धंद्यात अडकतो आणि उरतात दोघं. त्या दोघांना माझं सांगणं आहे : तुम्ही पुरेसे आहात.

१९६७ साली न्यूयॉर्कमध्ये हेच घडलं. सिमियन कॉक्स हा एका रॉक बँडचा गायक. त्यानं एक दिवस १९४०च्या दशकातला जुना ऑसिलेटर वाजवायला आणला. ऑसिलेटर म्हणजे विजेच्या कंपनांतून सलग सूर काढणारं यंत्र. बाकीच्यांना ते रुचलं नाही. एकेक जण निघून गेला. मागे राहिले सिमियन आणि ड्रमर डॅनी टेलर. दोघांनी नाव घेतलं ‘सिल्व्हर ॲपल्स’.

सिमियनला की-बोर्ड वाजवता येत नव्हता. त्यानं नऊ ऑसिलेटर एकत्र जोडले, तारायंत्राच्या कळा बसवल्या आणि हात, कोपर, गुडघे, पाय असं सगळं अंग लावून ते धूड वाजवलं. मिळेल त्या सुट्या भागांतून यंत्र उभं करणारी माणसं आपल्या उद्यमनगरानं पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. सिमियन त्यांच्याच जातकुळीचा.

पण मला खरा मोठा वाटतो तो टेलर. त्यानं आपले ड्रम ऑसिलेटरच्या सुरांशी जुळवून घेतले. त्यामुळे ताल नुसता ठोका राहिला नाही, तो सुरात बोलू लागला. १९६८च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये खाली न तुटणारी घरघर चालू असते आणि तिच्यावर ड्रम फेर धरतात. ऐकताना वेळेचं भान सुटतं. सायकेडेलिक रॉक म्हणतात तो हाच.

हे आपल्याला परकं का वाटावं? गोंधळात माणसं चार-पाच असली तरी रात्र पेलून धरतात ती दोन वाद्यं. तुणतुण्याची एकच तार सूर सोडत नाही आणि कमरेला बांधलेला संबळ घुमत राहतो. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत तंबोरे घडतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून तिथले कारागीर जवारी उघडतात आणि एका तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. १९६६मध्ये बीटल्सनी एका गाण्याच्या आरंभी तंबोराच छेडला होता. तो धरलेला सूर आपल्या घरचा आहे.

‘सिल्व्हर ॲपल्स’चं पुढे वाईट झालं. १९६९च्या दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर दोघं पॅन ॲम कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेले, तर मागच्या बाजूला विमान अपघाताचं छायाचित्र. कंपनीनं दावा ठोकला, तिसरा अल्बम अडकला, बँड थांबला. जवळपास पाव शतकानंतर नव्या श्रोत्यांनी त्यांना शोधून काढलं. तिसऱ्या अल्बमच्या टेप टेलरनं माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. १९९८मध्ये तो निघाला.

म्हणून त्या दोघा पोरांना विनंती आहे. तिसरा मिळेपर्यंत थांबू नका, त्याची जागा लॅपटॉपमधल्या तयार बासनं भरू नका. महिनाभर नुसते एकमेकांच्या सुराला लागा. ड्रमच्या चाव्या पिळा, कातडं गिटारच्या षड्जाला येईपर्यंत पिळा. तंबोरा लावायला गवई जेवढा वेळ देतो, तेवढा द्या. आणि गणेशोत्सवाच्या मंडळांनी अशा दोघांना अर्धा तास मंच द्यावा. त्यांना एवढीच जागा लागते.

टेलर २००५मध्ये गेला. सिमियननं दुसरा ड्रमर घेतला नाही. टेलरच्या वाजवण्याचे जपलेले तुकडे सोबत घेऊन तो एकटा मंचावर उभा राहू लागला. २०२०मध्ये तोही गेला. एकदा सूर नीट जुळला की मेळ असा टिकतो.

— श्रोता